मैलापाण्यातला रोहू

कोलकात्याच्या पूर्व भागातल्या बाजारात भल्या सकाळी रोहू येतो तो जिवंत. ॲल्युमिनियमच्या मोठ्या हंडीत, अर्ध्या पाण्यात. हंडी घेऊन येणारा माणूस वाटभर एका हाताने त्या पाण्यावर चापट्या मारत आलेला असतो. हात थांबला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासा मरतो, आणि मेलेल्या माशाला जिवंत माशाचा भाव मिळत नाही. बंगाली गिऱ्हाईक कल्ला उचलून रंग बघतं, डोळा बघतं, पाठीवर बोट दाबून बघतं. पाणी कुठलं, हे सहसा विचारत नाही. पाणी त्याच शहराचं असतं. त्याच्याच मोरीतून आणि संडासातून वाहून गेलेलं.

हे वाचून ज्यांनी ताट पुढे सरकवलं असेल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. किळस ही जुनी आणि बहुतेक वेळा उपयोगी भावना आहे. मैल्यापासून लांब राहायला माणसाला जंतुशास्त्राने शिकवलेलं नाही. पण किळस एकच गोष्ट ओळखते, घाण. घाणीत काय काय आहे, त्यातलं काय मरतं, काय उरतं, उरलेलं माशाच्या कुठल्या भागात जातं, हे तिला कळत नाही. त्यामुळे सांडपाण्यावर वाढलेल्या माशाच्या बाबतीत ती नेमकी चुकीच्या जागी बोट ठेवते. ज्या मैल्याला आपण नाक मुरडतो त्याचा बंदोबस्त ऊन, दिवस आणि चूल मिळून बऱ्यापैकी करतात. ज्याला वास नाही, रंग नाही आणि जे उकळून जात नाही, ते त्याच नाल्यातून मुकाट्याने येतं.

आधी तलावांबद्दल. कोलकाता हुगळीच्या काठी वसलं असलं तरी जमिनीचा उतार नदीकडे नाही, उलट पूर्वेकडे आहे. तिकडे खाऱ्या दलदली होत्या आणि विद्याधरी नावाची भरती-ओहोटीची नदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी जमिनीखालून गटारं बांधली आणि शहराचं पाणी विद्याधरीत सोडलं. नदी गाळाने भरत गेली आणि 1928 साली मृत म्हणून जाहीर झाली. समुद्राचं खारं पाणी येईनासं झालं, तसं दलदलीतल्या निमखाऱ्या माशांचं बस्तान उठलं. 1930 च्या आसपास तिथल्या मत्स्यशेतकऱ्यांनी गटाराचं पाणी आपल्या तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. पुढे अभियंता बी. एन. दे यांच्या योजनेनुसार शहराचं सांडपाणी दूरवरच्या कुल्टी नदीत नेणारे कालवे 1943 मध्ये पुरे झाले. हे कालवे तळ्यांच्या प्रदेशातूनच जात असल्याने पाणी घेणं आणखी सोपं झालं. या तळ्यांना तिथे भेडी म्हणतात. आज अडीचशेच्या आसपास भेड्या आहेत, त्यांचं पाणी सुमारे चार हजार हेक्टरांवर पसरलेलं आहे, आणि वर्षाला दहा हजार टनांहून जास्त मासा त्यांतून निघतो.

हे सगळं शास्त्रीय भाषेत पहिल्यांदा मांडलं ते ध्रुवज्योती घोष यांनी. ते सरकारी खात्यातले अभियंते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शहराचं सांडपाणी शेवटी जातं कुठे याचा माग काढत ते भेड्यांपर्यंत पोहोचले. तिथे त्यांना दिसलं की, जे काम करायला इतर शहरं यंत्रं, वीज आणि कोट्यवधी रुपये ओततात ते इथे ऊन आणि मासे करत आहेत, आणि वर कमाईही होते आहे. 1992 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या पाणथळ प्रदेशात भर घालून बांधकाम करायला चाप लावला. 2002 मध्ये साडेबारा हजार हेक्टरांचा हा टापू रामसर यादीत गेला आणि 2006 मध्ये राज्याने त्याच्यासाठी वेगळा कायदा केला. घोष 2018 साली गेले. संवर्धनाची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. आपला विषय ताटातला तुकडा आहे.

भेडी म्हणजे मैल्याचं डबकं, ही समजूत पहिल्यांदा सोडावी लागते. भेडीत कच्चा मैला आणि मासा एकत्र येतच नाहीत, निदान यायला नकोत. हिवाळ्यात भेडी उपसून कोरडी करतात. तळाचा गाळ उन्हात तडकेपर्यंत वाळवतात, नांगरतात, चुना टाकतात. नको असलेले मासे राहिले असतील तर मोहाची पेंड टाकतात. ती माशांना विषारी असते आणि नंतर कुजून खत होते. मग थंडी सरताना कालव्याचं दार उघडून सांडपाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे मासे सोडत नाहीत. पाणी हलवतात मात्र, होडी फिरवून आणि जाळी ओढून. आलेलं पाणी काळपट असतं. ते आधी करडं होतं, मग हिरवं. पुरेसं हिरवं झालं की थोडी बोटुकली सोडून बघतात. ती तगली तरच बाकीची. त्यानंतर पुढचे काही महिने ठराविक दिवसांनी थोडं थोडं सांडपाणी आत येत राहतं. किती आणि कधी, हे पाण्याच्या रंगावरून आणि पहाटे मासे कुठे तोंड वर काढतात त्यावरून ठरतं.

या दोन-तीन आठवड्यांत जे घडतं त्यावरच माशाची निम्मी सुरक्षितता अवलंबून आहे. भेडी उथळ, छाती-कमरेएवढ्या पाण्याची. ऊन तळापर्यंत नाही तरी बरंच खोल जातं. सांडपाण्यातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि तिचं नायट्रोजन-फॉस्फरसमध्ये रूपांतर करतात. त्यावर सूक्ष्म शैवाल माजतं. शैवाल उन्हात कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू चढतो, नऊच्याही वर जातो. आतड्यात राहायची सवय असलेल्या जिवाणूंना हे तिन्ही हाल सोसत नाहीत: अतिनील किरण, अल्कधर्मी पाणी आणि भरपूर प्राणवायू. कच्च्या मैलापाण्यात शंभर मिलिलिटरला दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत मलजन्य जिवाणू असतात. नीट चालवलेल्या तळ्यात ते हजारांच्या घरात येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली मासे वाढवण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा शंभर मिलिलिटरला हजार अशीच होती. 2006 साली संघटनेने सांडपाण्यावरच्या मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र खंडच काढला. पटकीचा जंतू या टोळीत जरा वेगळा आहे. त्याला अल्कधर्मी पाणी मानवतं, त्यामुळे नुसत्या हिरव्या पाण्यावर विसंबून त्याला विसरता येत नाही. त्याची गाठ चुलीशी आहे, ती पुढे येईलच.

सांडपाणी किती घ्यायचं यालाही मोजमाप आहे. लीड्सचे डंकन मारा आणि बँकॉकला शिकवणारे पीटर एडवर्ड्स यांनी 1990 च्या दशकात तळ्यांच्या आखणीचं गणित मांडलं. त्यात एक हेक्टर पाण्याला दिवसाला सुमारे चार किलो नायट्रोजन पुरे मानला. त्याहून जास्त झाला तर मोकळा अमोनिया मासे मारतो. फारच कमी पडला तर शैवाल उपाशी, आणि मासाही. भेडीवाल्यांनी हे गणित वहीवर सोडवलेलं नव्हतं. पण अति सांडपाणी घेतलं की पहाटे मासे उलटे तरंगतात, एवढं त्यांना कळत होतं. माशाला जे पाणी सोसत नाही ते खाणाऱ्यालाही धोक्याचं, आणि मासे मेले की नुकसान मालकाचं. ग्राहकाच्या सुरक्षिततेची इतकी चोख हमी अन्नधंद्यात क्वचितच मिळते. ती जिवाणूंपुरती आणि प्राणवायूपुरती आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

आता मासा. पोहणाऱ्या माशाच्या अंगावर, कल्ल्यांत आणि आतड्यात पाण्यातले जिवाणू असणारच. मांस मात्र निरोगी माशात जवळजवळ निर्जंतुक असतं. इस्रायलमध्ये बुरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. पाण्यातले जिवाणू एका मर्यादेच्या आत असतील तर माशाचं शरीर त्यांना आतड्यातच रोखतं. मर्यादा ओलांडली की ते प्लीहेत, मूत्रपिंडात, यकृतात जातात, आणि शेवटी मांसातही शिरतात. एकदा मांसात शिरले की मासा स्वच्छ पाण्यात ठेवूनही ते लवकर निघत नाहीत. त्यामुळे विकण्याआधी आठ दिवस चांगल्या पाण्यात ठेवला, असं कोणी सांगितलं तर त्यातून आतडं रिकामं झालेलं असतं, एवढाच अर्थ काढावा. जर्मनीत म्युनिक शहराने 1929 पासून कितीतरी दशकं सांडपाण्यावर कार्प मासा वाढवला. तिथेही मैलापाणी आधी निवळू देत, मग नदीच्या पाण्यात पातळ करून तळ्यात सोडत, आणि मासा विकण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवत. आधीच्या दोन पायऱ्या गाळून फक्त शेवटची केली असती तर तिचा उपयोग झाला नसता.

म्हणजे चांगल्या तळ्यातल्या माशाचं मांस स्वच्छ आणि आतडं घाण. या दोघांच्या मध्ये पातळ पडदा आहे आणि तो विळीवर फाटतो. बाजारात मासे कापणारा दिवसभर एकाच विळीवर, एकाच ठोकळ्यावर, एकाच बादलीच्या पाण्यात पन्नास मासे उरकतो. पोट फाडताना आतडं फुटतं, त्यातला ऐवज मांसाला लागतो, तेच पाणी पुढच्या माशावर जातं. घरी आलं की तीच पिशवी ओट्यावर, तोच हात कोथिंबिरीच्या जुडीला. तळ्यात दोन आठवडे खपून जे मिळवलं ते इथे दोन मिनिटांत जातं. हे काही सांडपाण्यावरच्या माशापुरतं नाही. समुद्रातल्या बांगड्यालाही लागू आहे. पण आतड्यात जंतूंचा भार जास्त असेल तिथे चुकीची किंमतही जास्त. आतडं अख्खं बाहेर काढणं, नळाखाली धुणं, मासे कापायची विळी आणि फळी कोशिंबिरीपासून लांब ठेवणं, कल्ले टाकून देणं, हे सगळं आपल्या कोळणींना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ओट्यापाशी गर्दी झाली की विसरतं.

त्यानंतर चूल. हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात तळून मग रश्शात उकळलेला रोहू किंवा आपल्याकडे रव्यात घोळवून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस केलेला तुकडा, दोन्हीत जिवाणू आणि कृमी जगत नाहीत. मांस काट्यापाशी पांढरं होऊन सुटलं म्हणजे काम झालं. ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये गोड्या पाण्यातला मासा कच्चा बारीक चिरून, लिंबू आणि तिखट घालून खातात. त्यातून ऑपिस्थॉर्किस नावाची यकृतातली चपटी कृमी पोटात जाते, पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहते आणि तिथे कर्करोग घडवते. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1994 साली या कृमीला मानवी कर्करोगाचं निश्चित कारण ठरवलं. चीन आणि व्हिएतनाममधली तिची बहीण क्लोनॉर्किस नंतर त्याच यादीत गेली. या दोघींचं चक्र सुरू होतं मैल्यातून: अंडी पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, गोगलगायीतून माशात, माशातून माणसात. म्हणून मैलापाण्यावरच्या तळ्यांबद्दल लिहिताना जागतिक आरोग्य संघटना जिवाणूंना थोडी सूट देते, पण अशा कृमींचं एकही जिवंत अंडं असू नये म्हणते. आपल्याकडे गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याची रीत नाही, हे आपलं मोठं नशीब. लिंबू पिळल्याने मासा पांढरा होतो, शिजत नाही. 1991 मध्ये पेरूत पटकीची साथ आली, तीन लाखांवर लोक आजारी पडले, आणि ती पसरवण्याचा ठपका ज्या गोष्टींवर आला त्यांत लिंबात मुरवलेला कच्चा मासा होता.

इथपर्यंतची गोष्ट दिलासा देणारी आहे. पुढची नाही.

कोलकात्याच्या नाल्यांत घरांचं आणि कारखान्यांचं पाणी वेगवेगळं वाहत नाही. टांगरा, तिलजला, टोपसिया या भागांत शंभर वर्षांहून अधिक काळ चामडं कमावण्याचे कारखाने होते. चामडं कमावायला क्रोमियमचं मीठ लागतं, आणि त्यातला मोठा हिस्सा पाण्याबरोबर वाहून जातो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं आणि त्यांच्यासाठी बानतला इथे चर्मोद्योग संकुल उभं राहिलं. तेही भेड्यांच्या शेजारच्याच टापूत. त्याशिवाय बॅटऱ्यांचं शिसं, मुलाम्याच्या कारखान्यांतलं निकेल आणि जस्त, रंगाच्या छोट्या धंद्यांतलं काय काय. सूर्य याला मारू शकत नाही, कारण ते जिवंत नाही. जिवाणू त्याला खाऊन संपवू शकत नाहीत. उकळलं तर पाणी आटून ते घट्टच होईल.

तरीही धातू तळ्यात आले म्हणजे थेट तुकड्यात आले असं होत नाही. भेडीचं अल्कधर्मी पाणी इथेही कामाला येतं. क्रोमियम, शिसं यांचे बरेच क्षार अशा पाण्यात विरघळलेले राहत नाहीत, गाळात बसतात. बांधाच्या कडेने जलपर्णीचा पट्टा राखलेला असतो, लाटांनी बांध खचू नये म्हणून. तिच्या मुळांतही धातू अडकतात. जे माशात शिरतात ते कल्ल्यांत, यकृतात आणि मूत्रपिंडात साठतात, मांसात त्या मानाने कमी. मासा लहान वयात, काही महिन्यांत किंवा फार तर वर्षाभरात विकला जातो, म्हणून साठायला वेळही कमी मिळतो. शिवाय हे सगळे शैवाल, कुजकं आणि गाळ खाणारे मासे आहेत. मासे खाणारा मासा नाही. एकाने दुसऱ्याला गिळत वर चढणाऱ्या साखळीत विष जसं दर पायरीला वाढतं तसं इथे होत नाही.

या दिलाशाला तीन मोठी भोकं आहेत. पहिलं, पारा. तो मिथिल रूपात आला की मांसातल्या प्रथिनांनाच चिकटतो. यकृत काढून टाकलं, कल्ले टाकले, रस्सा गाळला, काही उपयोग नाही. जपानमधल्या मिनामाटा उपसागराच्या काठी 1956 मध्ये जो आजार उघडकीला आला तो कारखान्याने समुद्रात सोडलेल्या अशाच पाऱ्याचा होता, आणि मासा शिजवल्याने तो जात नाही. दुसरं, गाळ उकरणारे मासे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. तळाशी धातू बसलेले असतील तर ते रोज तोंड घालतात त्याच घासात. एकाच तळ्यातले दोन मासे म्हणूनच सारखे धरता येत नाहीत. तिसरं भोक स्वयंपाकघरात आहे. बंगाली घरात माशाचं काही वाया जात नाही. डोकं मूगडाळीत पडतं. आतड्याभोवतीची चरबी आणि आतला ऐवज, ज्याला तिथे माछेर तेल म्हणतात, तो भाज्यांबरोबर शिजवून छ्यांचडा करतात किंवा त्याची भजी तळतात. चवीच्या बाबतीत वाद नाही. पण धातू जिथे साठतात नेमका तोच भाग. आपल्याकडेही गाभोळीबरोबर यकृत चवीने खाणारे आहेत. स्वच्छ पाण्यातल्या माशाचं खुशाल खावं. शहराखालच्या पाण्यातल्या माशाचं पोट मात्र पूर्ण साफ करावं.

धातूंसारखंच चुलीला न जुमानणारं आणखी एक विष खुद्द हिरव्या पाण्यात तयार होतं. शैवाल म्हणून आपण ज्याला सरसकट हिरवं म्हणतो त्यात नीलहरित जिवाणूही असतात. उन्हाळ्यात पाणी साचलं, खत जास्त झालं की मायक्रोसिस्टिसचा दाट थर पृष्ठभागावर येतो, हिरव्या रंगाचा डबा उपडा केल्यासारखा. त्याच्यातलं मायक्रोसिस्टिन यकृतावर हल्ला करतं आणि शिजवण्याच्या उष्णतेने मोडत नाही. माशातही ते जास्त करून यकृतात आणि आतड्यात असतं. हिरवं पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा भेडीवाल्यांचा आडाखा म्हणूनच एका मर्यादेपर्यंतच खरा. जाणकार माणूस हिरव्यातल्या छटा ओळखतो.

गोड्या पाण्याच्या माशाला येणारा चिखलट वास आणि मैला यांचा संबंध लोक हमखास जोडतात. वास आला, म्हणजे गटारातला. तो वास असतो जिओस्मिनचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठतो तोच. तो जिवाणू आणि नीलहरित जिवाणू तयार करतात, माशाच्या चरबीत मुरतो, आणि माणसाचं नाक तो अविश्वसनीय कमी प्रमाणात ओळखतं: पाण्यात लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी पुरे. तो निरुपद्रवी आहे. अगदी निर्मळ डोंगरातल्या धरणातल्या माशालाही येऊ शकतो. आंबटात त्याचं रूप बदलतं आणि वास उतरतो, त्यामुळे चिंचेचा कोळ किंवा कोकम लावून मासा ठेवण्याची रीत इथे खरोखर कामाची आहे. वास गेला म्हणून शिसं गेलं, असं मात्र नाही. आणि वास नव्हता म्हणून शिसं नव्हतं, असंही नाही. माशाबद्दलच्या भीतीचं आपल्याकडे असंच होतं. 2018 च्या जुलैत गोव्यात परराज्यातून येणाऱ्या माशात फॉर्मालिन असल्याचा गदारोळ झाला, काही दिवस आयातच बंद झाली. बाजारात तेव्हा प्रत्येकजण मासा हुंगत होता. फॉर्मालिनबद्दलचा प्रश्न रास्तच होता. पण हुंगून ज्याचा पत्ता लागत नाही त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

खाणाऱ्याबद्दल एवढं बोलताना तळ्यात उभ्या असलेल्या माणसाचा उल्लेख राहून जातो. जाळं ओढणारे, बांध बांधणारे, जलपर्णी काढणारे दिवसचे दिवस कमरेएवढ्या पाण्यात असतात. खाज, पुरळ, जखमा चिघळणं, जुलाब हे त्यांच्या वाट्याला येतं. खाणाऱ्यापर्यंत मासा पोहोचतो तेव्हा मध्ये विळी, नळ, तेल आणि जाळ असतो. यांच्या आणि पाण्याच्या मध्ये लुंगी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनात तळ्याच्या पाण्यासाठीची कामगारांची मर्यादा खाणाऱ्यांच्या मर्यादेहून कडक आहे ती यामुळेच. मैलापाण्यातला मासा सुरक्षित आहे का, हा प्रश्न शहरात बसून विचारला जातो तेव्हा त्यात ही माणसं धरलेली नसतात. आणखी एक गोष्ट त्याच पाण्यात जमते: शहरातल्या दवाखान्यांची आणि घरांची औषधं, आणि त्या औषधांना दाद न देणारे जिवाणू. ते मरताना आपली जनुकं पाण्यात सोडतात, दुसरे उचलतात. शिजवलेल्या तुकड्यातून हा धोका फारसा येत नाही. ओल्या हाताने आणि ओल्या फळीने येतो.

भेडीवाल्यांची आजची तक्रार मात्र वेगळीच आहे. त्यांना मैला पुरेसा मिळत नाही. कालवे गाळाने भरलेत, पाण्याची पातळी हवी तेवढी राहत नाही, कडेच्या भेड्यांपर्यंत सांडपाणी पोहोचत नाही. मग माशाला विकतचं खाद्य घालावं लागतं आणि खर्च वाढतो. जमिनीला भाव आलेला असताना तोट्यातली भेडी फार दिवस भेडी राहत नाही.

महाराष्ट्रात अशा भेड्या नाहीत. पण सांडपाण्यावरचा मासा आहे, आणि तो कोणी ठरवून वाढवलेला नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेला मिळतं आणि भीमा उजनीत साठते. उजनी 1980 मध्ये पुरी झाली. भिगवण-इंदापूरच्या बाजूला तिच्या फुगवट्यावर मासेमारी हा मोठा धंदा आहे. पुण्या-सोलापूरहून लोक गाड्या काढून भिगवणला मासे खायला जातात, हिवाळ्यात रोहित पक्षी बघून झाले की हमखास. रोहू, कटला, मरळ, वाम, आणि सगळ्यांना पुरून उरलेला चिलापी. धरण प्रचंड मोठं आहे, पावसाळ्यात पाणी बदलतं, पुण्याहून येताना नदीत वाटेतही बरीच स्वच्छता होते. यामुळे भेडीपेक्षा हा मासा सुरक्षित आहे असं कोणी म्हणेल, आणि पावसाळ्यापुरतं ते खरंही असेल. पण भेडीत जो माणूस आहे तो इथे नाही. पाणी किती घ्यायचं, किती दिवस थांबवायचं, आज नको उद्या, असं ठरवणारं दारच नाही. वर एका औद्योगिक पट्ट्याचं पाणी मिसळतं. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं, उरलेलं हिरवंगार होतं, आणि त्याच दिवसांत मासा पकडणं सोपं असल्याने जास्त पकडला जातो. याच टापूत बंदी असलेला आफ्रिकन मांगूर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतरही लपूनछपून तळ्यांत वाढवल्याचं पुन्हा पुन्हा उघडकीला आलं आहे. त्याला कोंबड्यांच्या दुकानातली घाण खायला घालतात, आणि तो कसल्याही पाण्यात जगतो. घाण पाण्यात मासा मरतो, ही भेडीतली हमी मांगूरच्या बाबतीत लागू होत नाही.

बाजारातल्या रोहूवर तो कुठल्या पाण्यातला हे लिहिलेलं नसतं, आणि पाहून कळत नाही. तपासणी करायची तर ती उगाच चार मासे उचलून, वाटून, एक आकडा काढून होणार नाही. तळाशी चरणारा मृगळ वेगळा आणि वर चरणारा कटला वेगळा घ्यावा लागतो. मांस, यकृत आणि मूत्रपिंड वेगवेगळे तपासावे लागतात. मेमधला मासा आणि सप्टेंबरमधला मासा शेजारी ठेवावा लागतो. शिशासाठी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा माशाच्या किलोला 0.3 मिलिग्रॅम आहे. पाऱ्याचा आकडा वेगळा बघावा लागतो, मायक्रोसिस्टिनचा हिरव्या थराच्या दिवसांतच. आणि मासा पकडला त्या जागेचा गाळ त्याच दिवशी बाटलीत भरून पाठवावा लागतो. आकडा जास्त निघाला तर पुढचा माग माशाकडून सुरू होत नाही. तो गाळाकडून नाल्याकडे, नाल्याकडून वरच्या कारखान्याच्या पाइपाकडे जातो.